सप्टेंबरचं पाणी

रुमचुंग गावात हल्ली झाडं बोलायला लागली होती, आणि बोलून बोलून काय बोलत होती, तर 'पाणी, पाणी'.

लडाखच्या एका कोपऱ्यातलं हे साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव. सकाळी तिथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावलं, की खिडकीत ठेवलेल्या फोनमधून टिक, टिकटिक, टिक असा आवाज यायचा. म्हाताऱ्या बायका लोण्याचा चहा घुसळता घुसळता त्याच्याकडे कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "आमचं जर्दाळू आज फार कुरकुरतंय." हे सगळं शर्वरी धुमाळनं केलं होतं. म्हणूनच डॉक्टर कालिंदी परुळेकरला त्या टिकटिकीचा मनापासून तिटकारा होता.

कालिंदी मूळची वेंगुर्ल्याची. चार महिने छत्री मिटत नाही अशा मुलखातली बाई, वर्षाला पेलाभर पाऊस पडणाऱ्या मुलखात येऊन का राहिली, हे तिच्या माहेरच्यांना अजून उलगडलेलं नव्हतं. गावाबाहेर वनस्पती संशोधनाचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक काचघर आणि सदा बिघडलेला जनरेटर. तिथं तिनं पंधराएक वर्षं काढली ती डामा नावाच्या एका काटेरी, खुजट, दिसायला दरिद्री अशा झुडपापायी. लग्नाचं कुणी विचारलं तर "डाम्याशी झालंय" म्हणायची. गावही तिला 'डामा मॅडम' म्हणायचं, आणि तिला ते आवडायचं.

शर्वरी दोन वर्षांपूर्वी आली. फलटणची, तिशीतली, हसरी. "ताई, हे कसं करू? ताई, ते बघता का जरा?" असं सारखं पायात पायात करायची. राग धरायला जागा म्हणून ठेवत नव्हती, हीच मोठी पंचाईत होती. माणूस उद्धट असला की त्याचा द्वेष करणं सोपं जातं. गोड माणसाचा करायचा म्हणजे सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते.

पहिली ठिणगी पडली ती डोल्करच्या घरी. डोल्कर ही कालिंदीची गावातली सख्खी म्हणावी अशी मैत्रीण, वयानं थोडी मोठी, म्हणून कालिंदी तिला 'आचे' म्हणजे ताई म्हणायची. लडाखी स्वयंपाकघरात कोण कुठं बसणार हे ठरलेलं असतं. चुलीजवळची जागा मानाची, आणि दाराकडे सरकावं तसा मान उतरत जातो. त्या चुलीजवळ बसायला कालिंदीला सात हिवाळे लागले होते. एके संध्याकाळी ती गेली तर तिच्या गादीवर शर्वरी बसलेली, आणि डोल्कर तिच्या कपात चहा ओतत म्हणत होती, "पी गं नोमो, लहान बहीण ना तू माझी."

"ताई, तुमची जागा का ही? उठते मी," शर्वरी लगबगीनं म्हणाली.

"बस, बस. जागेला काय नाव लिहिलंय का कुणाचं?" कालिंदी म्हणाली, आणि दाराकडच्या गादीवर टेकली. तिथं पाठीला वारा लागत होता. रात्रभर तिची पाठ दुखली आणि पोटात त्याहून जास्त दुखलं.

शर्वरीच्या यंत्राची गोष्ट तशी साधी होती. झाडाच्या खोडात मुळापासून पानापर्यंत पाण्याचे बारीक धागे ताणलेले असतात. पान वरून ओढतं, मूळ खालून पुरवतं. माती सुकली की ओढ वाढते, धागा ताणत जातो आणि शेवटी तुटतो. तुटल्या जागी हवेचा बुडबुडा शिरतो आणि टिचकी वाजते. ती इतक्या चढ्या सुरातली असते, की माणसाच्या कानाला पत्ताच लागत नाही. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. शर्वरीनं कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा एक स्वस्त कान तयार केला. तो फांदीला लावला की टिचक्या पकडायचा, आपल्याला ऐकू येतील अशा करून फोनवर पाठवायचा, आणि झाड नुसतं तहानलंय की जिवावर बेतलंय, तेही सांगायचा.

कालिंदीला आपलं डाम्याचं झुडूप तहानलंय की नाही, हे त्याच्या पानाच्या मुडपण्यावरून कळायचं. ती विद्या कमवायला तिला दहा वर्षं लागली होती. आता ती विद्या शाळेतल्या पोरांच्याही खिशात होती.

आणि हे सगळं चाललं होतं ते एका उतारासाठी. रुमचुंगच्या डोक्यावर पूर्वी हिमनदी होती. ती वितळत वितळत मागे सरकली आणि मागे ठेवून गेली दगडगोट्यांचा, भुसभुशीत मातीचा उघडा उतार. दर उन्हाळ्यात तो थोडा थोडा खाली यायचा. गेल्या साली त्यानं डोल्करच्या गोठ्याची भिंत गिळली होती. घर त्याच्या खालोखालच होतं. उतार थोपवायचा तर मुळांनी शिवून टाकायला हवा, हे सगळ्यांना पटलं होतं. प्रश्न होता कुणाच्या मुळांनी. हिवाळ्यात साठवलेल्या बर्फाच्या स्तूपाचं पाणी एकाच लागवडीला पुरणार होतं, आणि उतारासाठी आलेल्या प्रकल्पाच्या पैशांतून लाखभर रोपं एकाच जातीची मागवायची होती. चुकलं तर दुसऱ्यांदा लावायला पाणीही नव्हतं आणि कदाचित गावही नसतं.

कालिंदीचं म्हणणं, डामा लावा. हवेतला नत्र ओढून स्वतःचं खत स्वतः करतो, उणे तीसला हूं का चूं करत नाही, मुळं खोल घालतो. वाढतो मात्र गोगलगाईच्या चालीनं. शर्वरीचं म्हणणं, त्सेरमांग लावा. त्सेरमांग म्हणजे बाजारात ज्याचा आंबटढाण रस सी-बकथॉर्न म्हणून विकतात ते झुडूप. तेही खत स्वतःचं स्वतः करतं, त्यातून मुळांना ठिकठिकाणी धुमारे फुटून जाळं विणतं, आणि वर नारिंगी फळं देतं. साधं त्सेरमांग इतक्या कोरड्यात टिकत नाही, म्हणून शर्वरीनं त्याचा एक नवा, झपाट्यानं वाढणारा वाण काढला होता. दोघीही आपापल्या झुडपाच्या बाबतीत आंधळ्या होत्या. आपला तो बाब्या, हा न्याय शास्त्रज्ञांनाही सुटत नाही.

उताराच्या पायथ्याशी दगडी कुंपण घालून दोन वाफे केले होते. एकात चाळीस डामा, एकात चाळीस त्सेरमांग. पहिलं वर्ष ऑगस्टपर्यंत पाणी, दुसऱ्या वर्षापासून थेंब नाही. दोन्हीकडे कान लावलेले. हिवाळा जाऊ द्यायचा आणि वसंतात जे जास्त तगेल ते उतारावर लावायचं, असा करार होता.

त्या उन्हाळ्यात डाम्याच्या वाफ्यातून सावकाश, आळसावलेली टिकटिक येत होती आणि त्सेरमांगच्या वाफ्यातून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. कालिंदी तो ऐकायला रोज जायची. तेवढ्यापुरतं तिला ते यंत्र आवडायचं.

"ताई, एक भीती वाटते," शर्वरी एकदा तिथंच दगडावर बसून म्हणाली होती. "माझ्या वाणाला दिवस लहान झालेले नीट कळत नाहीत. माती कोरडी पडली तरच तो ओळखतो, की आता वाढ थांबवायची, साल घट्ट करायची, थंडीची तयारी करायची. इथं सप्टेंबर कोरडाच जातो म्हणून ठीक. पण समजा एखाद्या वर्षी उशिरा पाऊस झाला, तर हा वेड्यासारखा वाढत राहील आणि पहिल्या कडक थंडीत फुटेल."

"इथं कुठला सप्टेंबरात पाऊस," कालिंदी म्हणाली. आणि ते वाक्य तिनं मनात नीट घडी घालून ठेवलं.

*

कान आले आणि गावातलं पाण्याचं गणित बिघडलं. रुमचुंगमध्ये पाण्याचा एक कारभारी असतो, त्याला चुरपोन म्हणतात. तो खांद्यावर फावडं टाकून पहाटे कालव्याच्या कडेनं फिरतो, कुणाच्या शेताचं तोंड उघडतो, कुणाचं बुजवतो. पाळी ठरलेली आणि चुरपोनचा शब्द शेवटचा. पिढ्यान् पिढ्या कुणी त्यावर तोंड उघडलं नव्हतं. आता मात्र ज्याची पाळी नाही तो फोन नाचवत यायचा. "ऐक, माझं विलोचं झाड मरायला टेकलंय. शेजारणीचं जव तर गप्प आहे, तिला कशाला पाणी?" मग जिचं जव गप्प असायचं ती आपलं जर्दाळू ऐकवायची. सख्खे शेजारी एकमेकांच्या झाडांना खोटारडी म्हणायला लागले. दोन महिन्यांत दोन चुरपोननी फावडं खाली ठेवलं.

तेव्हा गोबा, म्हणजे गावाचा मुखिया रिगझिन, कालिंदीकडे आला. सोबत डोल्कर होती.

"कालिंदी-ले, फावडं तू घे," रिगझिन नावापुढे आदराचा 'ले' लावून म्हणाला. "तुला शेत नाही, तुझा इथं भाऊ नाही, जावई नाही. तू कुणाच्या बाजूची नाहीस."

"बाहेरचं माणूस चुरपोन? असं कधी झालंय का?"

"बाहेरची कशी?" डोल्कर म्हणाली. "नावच घातलंय आम्ही तुला. डामा."

कालिंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. पंधरा वर्षं जे मागता येत नव्हतं ते आपणहून दारात आलं होतं. तिनं फावडं घेतलं आणि पूर्वीची पाळी जशीच्या तशी लावली. कुणी फोन नाचवला की म्हणायची, "झाडाचं ऐकलं. आता माझं ऐक." महिन्याभरात गाव शांत झालं. लोक तिला वाटेत थांबवून चहाला बोलवायला लागले. ती डोल्करच्या चुलीजवळही परत जाऊन बसली. फक्त आता तिथं दोन गाद्या होत्या, एक तिची आणि एक शर्वरीची, आणि डोल्कर चहा ओतताना आधी शर्वरीकडे वळायची. "लहान आहे ना," म्हणायची.

तेवढ्यानं एखादं माणूस पाप करतं का? करतं. पोट भरलेलं असताना दुसऱ्याच्या ताटातला घास मोठा दिसावा, यालाच तर मत्सर म्हणतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे कालिंदी नेहमीसारखी कालव्याच्या वरच्या टोकाशी आली. खाली दोन वाफे. त्सेरमांगची पानं रुपेरी, कडा पिवळ्या पडायला लागलेल्या. अख्खा उन्हाळा थेंब न पिता ती तगली होती, आणि मातीनं सांगितल्याप्रमाणे शहाण्यासारखी थंडीची तयारी करत होती. आता ती हिवाळाही काढणार, हे कालिंदीला दिसत होतं. तिच्याइतकं ते कुणालाच दिसलं नसतं.

तिनं कालव्याच्या काठाचं एक ढेकूळ फावड्यानं उचललं. पाणी क्षणभर थबकलं आणि मग दगडांमधून वाट काढत त्सेरमांगच्या वाफ्यात उतरलं. दगडगोट्यांची जमीन, वर ओल दिसायचं नावच नाही. सगळं खाली मुरलं. ओल मोजायच्या सळ्या त्या दगडांत शिरत नसत, त्यामुळे तीही पंचाईत नव्हती. तिनं ढेकूळ परत बसवलं, टाचेनं दाबलं आणि पुढच्या शेताकडे निघाली.  इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिची पाठ दुखायची थांबली होती.

जगात तहानेनं मारणारे पुष्कळ असतात. पाणी पाजून मारायला झाडांतलं फार कळावं लागतं. त्या महिनाभरात तिनं पाच-सहा वेळा तरी ते ढेकूळ उचललं.

*

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत व्हायला फार दिवस लागले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शर्वरी धावत काचघरात आली.

"ताई, ऐका," तिनं फोन पुढे धरला.

कालिंदीनं कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं.

"काहीच नाही ना? सगळी गप्प आहेत. चाळीसच्या चाळीस. तीन आठवडे झाले, मला वाटलं कानच बिघडले, म्हणून सगळे बदलून पाहिले. ताई, मुळं बर्फापर्यंत पोचलीत. त्या उताराखाली हिमनदीचा जुना बर्फ गाडला गेलाय, तो खालून झिरपतो असं आपण नुसतं म्हणत होतो. माझ्या झाडांनी तो शोधला. पानंसुद्धा पुन्हा हिरवी व्हायला लागलीत."

कालिंदीच्या हातात डाम्याच्या रोपांचा ट्रे होता. तो तिनं खाली ठेवला. पाणी सोडताना तिनं थंडीचा विचार केला, मातीचा केला, सालीचा केला. कानाचा केला नाही. तहान बोलते हे ती ऐकत आली होती, पण तृप्तीही ऐकू येते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी प्रकल्पवाल्यांना कळवलं," शर्वरी सांगत होती. "ते म्हणतात वसंतापर्यंत थांबायचं कारण नाही. घाट बंद व्हायच्या आत रोपांची मागणी द्या. परवा गावसभा आहे."

"हिवाळा न बघताच?"

"खाली पाणी असेल तर हिवाळ्याचं काय एवढं? साध्या त्सेरमांगला कुठं थंडी बाधते?" शर्वरी म्हणाली. आनंदात माणूस आपलीच भीती विसरतं. मग तिनं कालिंदीचा हात धरला. "ताई, तुम्हाला वाईट वाटत असेल. तुमची इतकी वर्षं…"

"छे, छे," कालिंदी म्हणाली. तो हात झटकून टाकावासा वाटत होता, पण तिनं तसाच राहू दिला.

पुढचे दोन दिवस तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. गाडलेला बर्फ वगैरे काही नव्हतं. होतं ते तिचं फावडं. लाखभर त्सेरमांग त्या उतारावर लागणार, एका खोट्या पुराव्यावर. मेली तर स्तूपाचं पाणी संपलेलं असणार, उतार खाली येणार, आणि पहिलं घर डोल्करचं. हे सगळं तिला लख्ख दिसत होतं. आणि तरी मधूनच मनात काय यायचं, तर त्या पोरीच्या फोटोखाली काय काय छापून येईल.

*

सभा गोम्पाच्या, म्हणजे गावच्या बौद्ध मठाच्या अंगणात भरली. उन्हात बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. शर्वरीनं सगळ्यांना ती शांतता ऐकवली. फोनमधून काहीच ऐकू न येण्यासाठी अख्खं गाव जीव कानात गोळा करून बसलं होतं.

मग रिगझिन उठला. "यंत्र म्हणतं, झाडं तहानलेली नाहीत. पण यंत्राला पाणी दिसत नाही, ते चुरपोनला दिसतं. रीत म्हणून विचारतो. कालिंदी-ले, कालव्याचं पाणी त्या वाफ्यात गेलं होतं का?"

"रिगझिन-ले, ताईंच्या हातात फावडं असताना हे विचारायचं का?" शर्वरी हसून म्हणाली.

सगळे हसले. कालिंदी उभी राहिली. 'नाही' एवढं एकच म्हणायचं होतं. तिला समोर डोल्कर दिसत होती. डोल्कर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती, शेजारणीशी कुजबुजत होती. कालिंदीच्या उत्तराची तिला काळजीच नव्हती, इतका तिचा विश्वास होता.

"गेलं होतं," कालिंदी म्हणाली. "मी सोडलं."

 आणि डोल्कर हसायला लागली.

"बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "इतके दिवस भांडत होती, पण राहवलं नाही हिला. उन्हाळाभर तडतडत होती बिचारी झाडं. दया आली हिला."

"दया आली," दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. रिगझिनच्याही कपाळावरची आठी गेली. "चुरपोननं पाणी चोरलं तर दंड आहे," तो म्हणाला. "पण दुसऱ्याच्या वाफ्याला जास्त दिलं तर काय करायचं, याची रीतच नाही आमच्यात."

सगळं गाव तिच्याकडे कौतुकानं बघत होतं. फक्त एक चेहरा हसत नव्हता. शर्वरीनं विचारलं, "कधीपासून, ताई?"

"सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

त्या अंगणात या उत्तराचा अर्थ समजणाऱ्या दोघीच होत्या. शर्वरीचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. कालिंदीला वाटलं, आता ही बोलणार. बोल बाई, एकदाचं बोलून टाक. पण शर्वरी गावाकडे वळली आणि म्हणाली, "मग माझ्या झाडांचं काहीच सिद्ध होत नाही. मी प्रकल्पाला तसं कळवते. वसंतापर्यंत थांबू."

सभा उठल्यावर ती कालिंदीच्या मागोमाग कालव्यापर्यंत आली.

"दया असती तर तुम्ही जूनमध्ये पाणी दिलं असतं," ती म्हणाली.

कालिंदी काठाचं ते ढेकूळ टाचेनं दाबत राहिली.

"मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. दगडावर बसून. मला वाटलं, ताईंना सांगितलं की काहीतरी उपाय निघेल." ती समोर येऊन उभी राहिली. "का, ताई?"

"तू आलीस आणि मला कुणी विचारेनासं झालं," कालिंदी म्हणाली. इतकं लहान, इतकं केविलवाणं कारण, पण खरं तेवढंच होतं.

"मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा." शर्वरीनं खिशातून आपला दुसरा फोन काढला, वाफ्याचे सगळे कान ज्याला जोडले होते तो. "मी उद्या खाली, फलटणला जाते. हिवाळ्यात हे तुम्ही ऐका."

मनाचा मोठेपणा दाखवला हिनं. त्यातसुद्धा पुढे गेली, असं कालिंदीच्या मनात आलं, आणि तिची तिलाच किळस आली.

*

नोव्हेंबरात थंडी उतरली. खोडातला रस गोठतो तेव्हाही टिचक्या वाजतात. ज्यानं तयारी केली आहे तो थोडा कुरकुरून गप्प होतो. ज्याच्या अंगात पाणी आहे, साल कोवळी आहे, तो फुटत जातो. दोन दिवस त्या फोनमधून लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला, आणि मग एकेक कान कायमचा शांत झाला. कालिंदीनं फोन बंद केला नाही. बसून ऐकलं.

त्याच आठवड्यात तिनं डोल्करला सगळं सांगितलं. डोल्करला कळायला वेळ लागला. "म्हणजे तू वाईटासाठी पाणी दिलंस?" तिनं दोनदा विचारलं. मग ती चुलीत शेण्या सारत राहिली. लडाखी घरात पाहुण्याचा कप रिकामा ठेवत नाहीत, घोट घेतला की लगेच भरतात. त्या दिवशी कालिंदीचा कप संपला, आणि डोल्करनं तो भरला नाही. फावडं कालिंदीनं दुसऱ्या दिवशी रिगझिनच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

एप्रिलमध्ये वाट मोकळी झाल्यावर ती वाफ्यांपाशी गेली. डामा चाळीसच्या चाळीस जिवंत, फुगीर कळ्यांसकट. त्सेरमांगच्या वाळक्या काड्या. तिनं एकेक काडी नखानं खरवडली. खाली तपकिरी, तपकिरी, तपकिरी. म्हणजे आता वाद उरला नव्हता. पाप पदरात पडलं होतं ते पडलं होतं, पण गावापुढे आता एकच झुडूप होतं, आणि ते तिचं होतं. ती जिंकली होती.

कुंपणाजवळच्या काडीला नख लावलं आणि खाली हिरवं निघालं. तिनं शेजारची खरवडली. तीही हिरवी.

 ज्या मरणाची तिनं स्वतःच्या हातानं सोय केली होती, त्यातून ही दोन वाचली होती. भर सप्टेंबरात पाणी पिऊन, कोवळ्या अंगानं उणे तीस काढून. म्हणजे यांना माती काहीही सांगो, दिवसही कळत होते. तहान सोसून दाखवली होती, पाणी पचवून दाखवलं होतं. अशी कठोर परीक्षा कुठल्याही शास्त्रज्ञानं मुद्दाम घेतली नसती, ती फक्त एका जळक्या बाईला सुचली होती. आणि वाढीत डामा त्यांच्या पासंगालाही पुरणार नव्हता.

आसपास चिटपाखरू नव्हतं. तिच्या खिशात छाटणीची कात्री होती. ती तिनं बाहेर काढली, आणि बराच वेळ हातात धरून बसली. हिरवं असलेलं फक्त तिलाच ठाऊक होतं.

मग तिनं कापलं. दोन्ही झुडपांच्या वीतभर लांबीच्या काड्या, डोळ्याच्या खाली तिरका काप देऊन, मुळाला धक्का न लावता. ओल्या फडक्यात गुंडाळून त्या तिनं काचघरात आणल्या, उन्हाच्या फळीवरचे डाम्याचे ट्रे खाली उतरवले आणि तिथं एकेक कलम वाळूत खोचलं.  वाफ्यावर परत येऊन तिनं शर्वरीला फोन लावला.

"दोन जगली," ती म्हणाली. "तुझी. कलमं लावलीत. उतारासाठी हीच वाढवायची, एक वर्ष जास्त लागलं तरी. तोवर कडेनं माझा डामा धरेल."

पलीकडून शर्वरी म्हणाली, "ताई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"हो. म्हणून तर सांगायला दुपार झाली."

"आता बरं वाटतंय का?"

"नाही," कालिंदी म्हणाली. "जळतंच आहे आत. तू ये."

तिनं एक कान उचलून जगलेल्या फांदीला लावला आणि वाफ्याचा फोन आपल्या फोनजवळ धरला. टिक. मग थोड्या वेळानं पुन्हा, टिकटिक. फलटणला शर्वरी ते ऐकत होती.

"तहान लागलीय त्याला," ती हळूच म्हणाली.

"लागू दे," कालिंदी म्हणाली. "या वेळी थेंब देणार नाही."